तासाची पहिली पाच मिनिटं

ही हकीकत मी आजवर पुष्कळदा सांगितली आहे. चौकशीच्या खोलीत, घरी जेवताना, पालीच्या नाक्यावर चहा पिताना, एकदा तर मेहुण्याच्या लग्नात पंगतीला बसल्यावर. लोक विचारायचे, मी सांगायचो. पण घडली तशी एकदाही सांगितली नाही. आता तुमच्यासाठी लिहायला बसलो आहे, तरी हात अडखळतो आहे — कुठून धरू?

डब्यापासून धरतो. डब्याबद्दल बोलायला मला कधीच अडचण आली नाही.

छोट्या विमानाच्या शेपटीत एक नारिंगी डबा बसवलेला असतो, साधारण जेवणाच्या डब्याएवढा. विमान आपटलं की त्या धक्क्याने तो आपोआप चालू होतो आणि आणीबाणीसाठी राखून ठेवलेल्या फ्रिक्वेन्सीवर ओरडायला लागतो. त्यात शब्द नसतात. नुसता एक आवाज — वरून खाली घसरत येणारा, संपला की पुन्हा वरून सुरू होणारा. कागदोपत्री त्याला ईएलटी म्हणतात, आम्ही डबाच म्हणायचो. त्या काळी उपग्रहसुद्धा तो आवाज ऐकायचे, आणि जवळपासच्या धावपट्टीवर कोणी रेडिओ लावून बसलेलं असेल तर तोही ऐकायचा.

आता हा डबा चालतो की नाही हे तपासायचं कसं? चालू करूनच. आणि चालू केला तर ऐकणाऱ्याला कसं कळावं, ही तपासणी आहे की खरंच कुठे माणसं पडली आहेत? त्यासाठी नियम होता. तपासणी करायची ती कोणत्याही तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच. आवाज तीनदा घसरू द्यायचा, लगेच बंद. आमच्याकडे आणखी एक रीत होती — आधी रेडिओ रूमला फोन करून सांगायचं. म्हणजे तास भरल्याभरल्या आवाज आला तर ऐकणारा घड्याळाकडे बघतो आणि थांबतो. पाच मिनिटं उलटून गेली तरी येतच राहिला, तर मग त्याने थांबायचं नाही.

एवढाच नियम. मी तो पाळत नव्हतो.

रत्नागिरीच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या पठारावर, धावपट्टीच्या कडेला, एका खाजगी कंपनीचं हँगर होतं. ती कंपनी आता नाही. तिच्याकडे एकच विमान होतं, किनाऱ्याचे नकाशे करायला वरून फोटो काढणारं, आणि मी त्याच्या रेडिओचा मेकॅनिक होतो. काम मुंबईला शिकलो होतो, पण नोकरी घरापासून अर्ध्या तासावर मिळाली होती. माझ्या बरोबरीच्या किती जणांना असं मिळालं? बायको, लहान मुलगी, आई, सगळी एका घरात. ही नोकरी गेली तर पुन्हा मुंबईत कोणाच्या तरी खोलीत गादी टाकायची, हे मला रोज आठवायचं.

रेडिओ रूममध्ये युसुफभाई बसायचे. रत्नागिरीतल्याच राजिवड्याचे. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते, निवृत्त होऊन घरी आले आणि करमेना म्हणून ही नोकरी धरली. दाढीला मेंदी, कानात एका बाजूला हेडफोन, दुसरा कान गप्पांसाठी मोकळा. मी बिघडलेले सेट बरे करायचो म्हणून ते मला डॉक्टर म्हणायचे. माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी क्वचितच ऐकलं असेल.

डबा तपासायला मी तासाची वाट बघत नसे. काम हातात आहे, झाकण उघडं आहे, मग अर्धा तास नुसतं बसून राहायचं? मी स्वीच दाबायचो. लगेच रेडिओ रूमशी जोडलेला आतला फोन वाजायचा.

"काय डॉक्टर, पेशंट बोंबलतोय तुमचा."

"माझाच आहे, युसुफभाई."

"नियम काय तुझ्या आज्याने केले होते रे? घड्याळ घातलंयस ते काय मिरवायला?"

आणि हसायचे. हसायचे आणि वर कळवायचे नाहीत. मला सांभाळून घ्यायचे. याची त्यांना सवय झाली आणि मला त्याहून जास्त. तरी एकदा माझा आवाज उपग्रहाने पकडलाच. कुठल्या तरी लांबच्या केंद्रातून फोन आले, मॅनेजरने मला चारचौघांत उभं केलं आणि बजावलं, पुन्हा असं झालं तर सरळ घरी जायचं. त्यानंतर मी सुधारलो का? थोडे दिवस. मग पुन्हा तेच.

त्या दिवशी सकाळी मी डब्यात नवी बॅटरी घातली. तासबीस न बघता स्वीच दाबला, आवाज आला, बंद केला. युसुफभाई बहुधा चहाला उठले होते, कारण फोन आला नाही. मला बरंच वाटलं.

दुपारी हँगरसमोरच्या लहान ऑफिसात जेवायला बसलो. काजू मोहरले होते, उन्हाने सडा तापला होता. हँगरपर्यंतचं डांबर ओलांडायचं म्हणजे चपलेतून चटका बसावा. बांगड्याचं कालवण होतं. नुकता एक वाजून गेला होता, आणि फोन वाजला.

"डॉक्टर, तुझाच काय रे? एकाला सुरू झाला. मी म्हटलं पाच मिनिटं बघू. अजून चालूच हाय."

मला काय वाटलं सांगू? डबा चालू राहिला, एवढंच वाटलं. सकाळी बंद करताना स्वीच नीट बसला नसणार. आता उपग्रह ऐकणार, मॅनेजरला कळणार. तोंडात घास होता. मी म्हणालो, "माझाच. बंद करतो. वर कळवू नका." त्यांनी एक शिवी हासडली, प्रेमाचीच, आणि फोन ठेवला.

आता बघा — इथपर्यंतचं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. तोंडात घास असताना, न बघता दिलेला एक होकार. आळस म्हणा, भीती म्हणा. अशी चूक कोणाच्या हातून होत नाही? मनातल्या मनात कबूल करायचो तेव्हाही मी इथेच थांबायचो. इथे थांबलं तर झोप लागते.

पण हकीकत इथे थांबत नाही.

मी हात धुतले आणि डांबर ओलांडून हँगरमध्ये गेलो. डब्याचा स्वीच बघितला. तो जिथे असायला हवा तिथेच होता. मी हातातला रिसीव्हर लावला. आवाज येत होता. बारीक, पण येत होता. वरून खाली, वरून खाली. मी डब्याची अँटेनाची वायर काढली. आवाज तसाच. डबा बाहेर काढला, टेबलावर ठेवला, झाकण उघडून बॅटरी सोडवली. डबा माझ्यासमोर मेलेला होता आणि आवाज चालू होता.

आमच्या कामात एक युक्ती असते. रिसीव्हर छातीशी धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. आपलं शरीर मध्ये आलं की आवाज दबतो. सगळ्यात जास्त दबला, की समजायचं — तो आपल्या पाठीमागे आहे. मी हँगरच्या बाहेर येऊन उन्हात फिरलो. देवळासमोर माणूस स्वतःभोवती फिरतो तसा. आवाज जवळजवळ नाहीसा झाला तेव्हा समोर समुद्राकडची बाजू होती. पाठीमागे पाली, आणि पालीच्या पलीकडचे संगमेश्वराकडचे डोंगर.

मी फिरलो हे कोणालाच माहीत नाही. चौकशीत कोणी विचारलं नाही — असं काही विचारावं हे कोणाला सुचणार? लिहितानासुद्धा वाटतं आहे, हे वाक्य खोडावं.

मग मी फोनकडे का गेलो नाही? मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो. असे आवाज बहुतेक वेळा खोटेच निघतात. कुठेतरी गोदामात पडलेला डबा असेल. एखाद्या शेतात उतरलेलं विमान, उतरताना जरा जोरात आदळलं असेल. शिवाय आता फोन केला तर युसुफभाई म्हणणार, मग मघाशी माझाच का म्हणालास? सकाळची तपासणी बाहेर येणार. मॅनेजर, नोकरी, मुंबई. हे सगळं मी रिसीव्हर छातीशी धरून उभा असताना मनात आलं. डोंगर माझ्या पाठीशी होते. मी वळून त्यांच्याकडे बघितलंही नाही.

आणि तेवढ्यात हँगरमधला फोन वाजला. पुन्हा युसुफभाईच.

"रे बाबा, अजून येतोय. पण बारीक येतो. तुझा एवढा बारीक नसतो कधी." आता आवाजात थट्टा नव्हती. "वरच्या केंद्रातून फोन आलाय. उपग्रहाला रत्नागिरीच्या आसपास दिसतोय म्हणतात. काय सांगू त्यांना? नीट बघून सांग."

नीट बघून सांग. असंच म्हणाले.

मी म्हणालो, "माझाच आहे. अँटेना काढलाय म्हणून बारीक येतो. नवीन बॅटरी किती टिकते ते बघतोय, जरा चालेल. टेस्ट आहे म्हणून सांगा."

"असली टेस्ट कुठल्या नियमात बसते?"

"सांगा हो युसुफभाई. माझ्यावर विश्वास नाही काय?"

ते म्हणाले, "तू म्हणतोस तर सांगतो." आणि त्यांनी तसंच सांगितलं. केंद्राने त्यावर विश्वास ठेवला. युसुफभाईंनी माझ्यावर ठेवला. रेडिओच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा होता ना? डॉक्टर मीच होतो.

मी रिसीव्हर बंद करून कपाटात ठेवला आणि झाकणाचे स्क्रू घट्ट करत बसलो. संध्याकाळी घरी गेलो, मुलीला अंगणात झोपाळ्यावर झोके दिले.

रात्र पडल्यावर कळलं की गोव्याहून कोल्हापूरला निघालेलं एक छोटं विमान पोचलेलंच नाही; ढग टाळायला ते किनाऱ्याकडे वळलं होतं म्हणे. सकाळी शोधायला विमान आलं आणि त्याच आवाजाचा माग धरत फारसं न फिरता सरळ त्या जागेवर गेलं. डोंगराच्या उतारावर, ऐनाच्या झाडांत. आत दोघे होते. पायलट देवधर, आणि मागे बसलेला सर्व्हेचा माणूस, शिर्के. शिर्क्यांचा पाय मोडला होता. देवधर गेले होते.

काही आठवड्यांनी चौकशी झाली, विश्रामगृहाच्या मोठ्या खोलीत. बाहेरगावचे अधिकारी होते. आधी शिर्क्यांना बोलावलं. प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून ते बोलत होते आणि मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. शिर्के म्हणाले, आपटल्यानंतर देवधर शुद्धीवर होते. पोटाला मार होता, हलता येत नव्हतं, पण बोलत होते. डबा शेपटीत असला तरी त्याचा दिवा पायलटच्या समोर लुकलुकताना दिसत होता. देवधरांनी घड्याळ बघितलं आणि हसले. म्हणाले, "शिर्के, आपण वेळ चुकीची निवडली. एक वाजलाय. पहिली पाच मिनिटं कोणी ढुंकून बघणार नाही, टेस्ट समजतील. पाच मिनिटांनी बघा कशी धावपळ होते ती." शिर्के म्हणाले, मग आम्ही दोघांनी मिळून ती पाच मिनिटं काढली. नंतर देवधर मोजेनासे झाले, पण म्हणत राहिले, आता ऐकलं असेल, आता निघाले असतील. मुलाच्या परीक्षेबद्दल बोलले. अंधार पडायच्या सुमारास बोलणं थांबलं.

डॉक्टरांनी सांगितलं — खऱ्या डॉक्टरांनी — की दुपारीच खाली आणलं असतं तर वाचण्याची आशा होती.

हे ऐकून झाल्यावर मला बोलावलं. म्हणजे माझं खोटं न कळता बोललेलं नव्हतं, हे तुमच्या लक्षात येतं ना? देवधर घड्याळ बघून हसले हे मला माहीत झालं होतं. युसुफभाई आधीच सांगून गेले होते की मी डॉक्टरला दोनदा विचारलं, तो म्हणाला माझाच. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, हे खरं काय? मी म्हणालो, नाही साहेब. मी सकाळी तपासणी केली होती, नियमाप्रमाणे, तास भरल्यावर. दुपारी मला कोणाचा फोन आला नाही.

आतल्या फोनचा मागमूस कुठे राहतो? दोन माणसांचे दोन शब्द. एक तरुण मेकॅनिक, एक दाढी पिकलेला म्हातारा, ज्याने केंद्राला स्वतःच्या तोंडाने टेस्ट आहे म्हणून सांगितलं होतं. त्यांना काढून टाकलं.

बाहेर व्हरांड्यात ते मला आडवे आले. सगळ्यांदेखत. "तुझ्या जिभेला किडे पडतील रे," म्हणाले. "मी विचारलं होतं! दोनदा विचारलं होतं! तुझी नोकरी जाऊ नये म्हणून किती वेळा गप्प बसलो, त्याची ही परतफेड?" कोणी तरी त्यांना धरून बाजूला नेलं. मी मान खाली घालून उभा राहिलो. लोकांना वाटलं, काय सोशीक माणूस आहे.

पुढे ते गावभर सांगत फिरले. मच्छी मार्केटात, बंदरावर, एसटी स्टँडवर. मी विचारलं होतं, मी विचारलं होतं. ओळखीचे लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, "म्हातारा उगाच तुमच्यावर ढकलतो हो. तुम्ही काही बोलत कसे नाही?" आणि मी काय म्हणायचो माहीत आहे? मी म्हणायचो, "जाऊ दे. वय झालंय त्यांचं. कानही गेलेत थोडे."

हे मला कोणी बोलायला लावलं नव्हतं. नोकरी वाचली होती, चौकशी संपली होती. ज्या माणसाने उभा जन्म ऐकण्यावर काढला, त्याचे कान गेलेत असं मी सांगत सुटलो. दयेच्या आवाजात. आणि लोकांना ते पटलं. हळूहळू त्यांच्याशी बोलताना लोक मोठ्याने बोलू लागले. मी एकदा बाजारात पाहिलं — कोळीण त्यांना पापलेटाचा भाव ओरडून सांगत होती, आणि ते चिडून म्हणत होते, "ऐकू येतं मला, बाय. ऐकू येतं."

त्या वर्षी मुलीला वाढदिवसाला कोणी तरी खेळण्यातली रुग्णवाहिका दिली. चावी फिरवली की भोंगा वाजायचा, वरून खाली घसरणारा. मी तो आतून काढून टाकला. ती रडली. बायकोने विचारलं, एवढं काय झालं? मी म्हणालो, डोकं दुखतं. अजूनही घाटात एसटीचा ब्रेक लागताना एखाद वेळी तो सूर येतो, आणि माझे खांदे आपोआप वळतात. आवाज कोणत्या बाजूला दबतो ते मी शोधत असतो.

युसुफभाई नंतर खेडला मुलीकडे राहायला गेले. तिथेच वारले. मला काही महिन्यांनी कळलं. मी खेडला गेलो. सांगायला गेलो होतो — खरंच, सांगायलाच. डेपोजवळच्या दुकानात पत्ता विचारला. मुलीने दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, पाणी आणलं. मी नाव सांगितलं. तिला ते नाव ओळखीचं नव्हतं.

"अब्बांच्या बरोबर कामाला होतात काय?" तिने विचारलं.

हो म्हणालो.

"म्हणजे तुम्ही होतात तेव्हा. ते शेवटपर्यंत एकच बोलायचे वो, मी विचारलं होतं, डॉक्टरला विचारलं होतं. आम्हाला वाटायचं, आता भ्रम झालाय. आम्ही पण कंटाळून हो हो म्हणायचो." ती माझ्याकडे बघत होती. "खरं काय झालं होतं? त्यांनी विचारलं होतं काय कोणाला?"

पाण्याचा तांब्या माझ्या हातात होता. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही. बरीच वर्षं झाली."

ती म्हणाली, "तसंच असेल." मी पाणी प्यायलो आणि परतीची गाडी धरली.

मला नीट आठवतं. युसुफभाईंचे कान शाबूत होते आणि घड्याळ बरोबर होतं. पाच मिनिटं झाल्यावर त्यांनी मला विचारलं, आणि मग पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा मी माझाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा डबा टेबलावर उघडा पडला होता, बॅटरी बाजूला काढून ठेवलेली होती, आणि माणसं कोणत्या दिशेला आहेत ते मला ठाऊक होतं.